नॉरबी गावची सामुदायिक घट

माणसाचं स्वतःचं वजन ही खाजगी बाब असते आणि शेजाऱ्याचं वजन ही सार्वजनिक, हे तत्त्व सर्व सुधारलेल्या समाजांनी मान्य केलेलं आहे. उत्तर डकोटातलं नॉरबी गाव त्याही पुढे गेलं. इथे कुणी कुणाला जाड म्हणत नाही. फार तर 'यंदा कोट आखूड वाटतोय' एवढं म्हणतात, आणि तेही हवामानाबद्दल बोलून झाल्यावर. त्यामुळे चर्चच्या तळघरात 'पिष्टपदार्थ नियंत्रण मंडळ' स्थापन झालं, तेव्हा पहिली अडचण आली ती वजन करण्याची. चारचौघांत एकेकानं काट्यावर चढायचं म्हणजे कपडे काढण्यासारखंच. अध्यक्षा कोरीन ब्रेक्के (उभी हयात शाळेत गृहशास्त्र शिकवण्यात गेली, गावातल्या प्रत्येक प्रौढाला त्यांनी कधी ना कधी शिवण उसवायला लावलेली आहे) यांनी तोडगा काढला. रविवारी प्रार्थना झाली की सर्व सभासदांनी धान्याच्या कोठाराजवळच्या भुईकाट्यावर एकत्र उभं राहायचं. गव्हाचे ट्रक तोलणाऱ्या काट्याला तीस-बत्तीस माणसं म्हणजे चिल्लर. आकडा एकच येणार. त्यात कुणाचं किती, हे देवालाही कळू नये.

(हा काटा वीस-वीस पौंडांच्या टप्प्यानं हलतो. त्यामुळे त्याखालचं पाप नॉरबीत घडतच नाही.)

मंडळाची पद्धत शास्त्रशुद्ध होती. एक शिडी होती. तळाच्या पायरीवर मांस, अंडी, चीज, लोणी आणि पालेभाजी, ही कितीही. वजन उतरलं की पुढची पायरी खुली, मग त्याच्या पुढची: दाणे, बेरी, फळं, बटाटा आणि सगळ्यात वर, ढगात, धान्य. वजन एकत्र, म्हणून चढणंही एकत्र. सभासद बहुतेक गव्हाचे शेतकरी. त्यांचा गहू परदेशी जातो, आणि तिकडचे लोक तो खाऊन जाड होतात, याला त्यांचा इलाज नव्हता.

लायल ट्वेटन या मंडळातला सगळ्यात वजनदार आणि सगळ्यात प्रामाणिक सभासद. क्षितिजापर्यंत दुसरी गाडी दिसत नसली तरी चौकातल्या 'थांबा'च्या पाटीपुढे थांबणारा माणूस. डॉक्टरांनी रक्तातल्या साखरेवरून दटावलं म्हणून तो आला, आणि शिडी त्याला लागू पडली, हे कबूल केलं पाहिजे. विजार ढिली झाली, साखर खाली आली. बिघडलं ते फक्त घरात.

त्याची बायको वांडा ही चर्चच्या शरदातल्या जेवणात लेफ्सा लाटते. उकडलेला बटाटा, साय आणि पीठ मळून, रुमालासारखी पातळ लाटून मोठ्या तव्यावर भाजलेली ही पोळी. वर लोणी-साखर लावून गुंडाळी करायची. (त्याच जेवणात लुटेफिस्क नावाचा मासाही असतो. तो पहिल्याच पायरीवर चालतो, कारण त्यात पिष्ट नाही. खरं तर त्यात काहीच नाही.) गेल्या शरदात लायलनं लेफ्सा घेतली नाही. मंडळानं लेफ्सा धान्यात धरली होती. वांडा 'बरं' म्हणाली. त्या भागात 'बरं' या एका शब्दावर घटस्फोट झालेले आहेत. त्यानंतर घरात लाटणं ओट्यावर आलं नाही. बायकांच्या मंडळात ती म्हणाली म्हणे, की यंदा लाटीन, पुढचं पुढे, ज्याच्यासाठी लाटायचं त्यालाच नको असेल तर मनगटं कशाला झिजवायची.

लायलच्या कानावर हे आलं तेव्हा त्यानं भांडी विसळता विसळता सांगून टाकलं.

"यंदाच्या जेवणापर्यंत मंडळ धान्याला पोचेल. मग खाईन मी."

"आणि नाही पोचलं तर?"

"पोचेल."

"मंडळ पोचेल," वांडा म्हणाली. "मी तुझं विचारतेय."

पण मंडळाची प्रगती खरोखरच वाखाणण्यासारखी होती. हिवाळाभर बेरीची पायरी अडून बसली होती. मार्चमध्ये इन्गा सोर्ली या ज्येष्ठ सभासद वारल्या आणि पुढच्याच रविवारी आकडा एकशे साठनं उतरला. भुईकाट्यावर सगळ्यांनी टोप्या काढल्या. मग कोरीनबाईंनी 'समाधानकारक घट' असं जाहीर करून बेरी खुली केली, आणि त्या आठवड्यात घरोघरी इन्गाबाईंच्या आठवणीनं अर्धी वाटी स्ट्रॉबेरी खाल्ली गेली. जूनमध्ये एक जाडजूड जोडपं कायमचं ॲरिझोनाला राहायला गेलं. फळांची पायरी खुली झाली. वार्षिक अहवालात घटीची प्रमुख कारणं दिली आहेत: निधन, स्थलांतर आणि (तिसऱ्या क्रमांकावर) चालण्याचा व्यायाम.

फळांची नियमावली हा मंडळाच्या बुद्धिमत्तेचा कळस म्हणावा लागेल. केळं हे फळ नसून सालीतली मिठाई आहे. मनुका म्हणजे द्राक्षांनी दाटीवाटीनं केलेली फसवणूक. रुबार्ब ही आंबटढाण देठांची भाजी असल्यानं कितीही चालेल, मात्र साखरेशिवाय (म्हणजे चालणार नाही). सफरचंद रोज अर्धं. आकार किती, हे लिहायचं राहिलं, त्यामुळे ऑगस्टपासून गावाच्या दुकानात तान्ह्या मुलाच्या डोक्याएवढ्या सफरचंदांखेरीज काही खपेना. चर्चमधल्या प्रसादाची पापडीएवढी भाकर शिडीबाहेर ठेवण्यात आली. मात्र त्याच रविवारी दुसऱ्यांदा रांगेत उभं राहिल्यास ती धान्य समजण्यात येईल.

सप्टेंबरात काटा वीसनं चढला. पुढच्या रविवारी आणखी वीस.

कोण खात होतं? नॉरबीत असं कुणी विचारत नाही. लोक फक्त हवामानाच्या गप्पा मारताना एकमेकांच्या ओठांच्या कडा पाहू लागले. शेजारच्या गावातल्या बेकरीपुढे कुणाची गाडी दिसली, हे ज्यांना कळलं ते स्वतः तिथे कशाला गेले होते, हेही विचारायची पद्धत नाही. कोरीनबाईंनी तळघराच्या दारावर सूचना लावली, की मंडळाचा कुणावरही संशय नाही. आणि ज्यांच्यावर संशय नाही त्यांची नावं खाली दिली. लायलचं नाव नजरचुकीनं राहिलं होतं. लायल मोजून अर्धं सफरचंद खात होता. उरलेलं अर्धं तो घोड्याला घाली, आणि घोडा मंडळात नव्हता.

जेवणाआधी वजनाचा एकच रविवार उरला. बटाटा ओलांडून धान्याच्या पायरीला पोचायला अजून दोनशे पौंड उतरायचे होते. त्या शनिवारी कोरीनबाई फ्लॉवर-चीजचं गरम भांडं घेऊन लायलच्या दारी आल्या. आधी दंवाबद्दल बोलणं झालं, मग मक्याबद्दल. भांडं ओट्यावर ठेवल्यावर त्या म्हणाल्या, की लायल फार दमलेला दिसतो. त्याचा भाऊ बिस्मार्कला असतो ना? कितीतरी दिवसांत भेट नसेल.

"भेटलो की गेल्या महिन्यात," लायल म्हणाला.

"तरी. रविवारचं जाऊन यावं माणसानं."

"उद्या वजन आहे."

"हो ना," कोरीनबाई म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

लायलला हिशेब समजला. सगळं गाव धान्याला पोचेल, जेवणात लेफ्सा चालेल, वांडाचं लाटणं सुटणार नाही, आणि यासाठी त्याला काहीच करायचं नव्हतं, फक्त नसायचं होतं. इतका सोपा आहार त्याला आजवर कुणी सांगितला नव्हता. दुसऱ्या दिवशी तो पहाटेच बिस्मार्कला गेला. आकडा दोनशे चाळीसनं उतरला. टाळ्या हातमोज्यांतून वाजल्या, त्यामुळे त्यांचा आवाज फार झाला नाही.

जेवणाच्या दिवशी तळघरात बसायला जागा नव्हती. बशा फिरत होत्या. वर्षावर्षानं गहू तोंडात गेल्यावर धष्टपुष्ट शेतकऱ्यांचे डोळे पाणावले. जो तो लायलच्या खांद्यावर थोपटून पुढे जात होता. वांडा स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी आली आणि तव्यावरची गरम लेफ्सा तिनं स्वतः लोणी लावून त्याच्यापुढे ठेवली.

लायलनं हात पुढे केला. मग थांबला आणि समोरच्या टेबलाकडे पाहिलं.

कोरीनबाईंनी तोंडातला घास गिळला. त्यांना मनापासून वाईट वाटत होतं, असं त्या म्हणाल्या. पायरी चढायची ती उभं राहिलेल्यांनी, हा नियम होता; जो काट्यावर नव्हता, तो अजून फळांवरच. अर्थात त्यानं पुढच्या रविवारी जरूर यावं, उभं राहावं. तो उभा राहिला तर आकडा चढून धान्य सगळ्यांनाच बंद होईल, हे त्या बोलल्या नाहीत. ते आसपास चघळणाऱ्या सगळ्यांच्या चेहऱ्यांवर होतं.

"लायल," वांडा म्हणाली, "इकडे बघ. लाटलीय मी. तिनं नाही."

"एकच आठवडा, वांडा. बैठकीत मी विषय काढतो."

त्यानं बशी शेजारच्याकडे सरकवली. शेजाऱ्यानं ती घेतली. (त्याला नियमानं मुभा होती.)

वांडा त्याच आठवड्यात तवा आणि लाटणं गाडीत टाकून फार्गोला बहिणीकडे गेली, काही दिवसांसाठी. 'काही दिवस' म्हणजे किती, हे नॉरबीत विचारत नाहीत. लायल आता सकाळी अंडी खातो, दुपारी अर्धं सफरचंद, रात्री अंडी. साखर उत्तम आहे. ट्वेटन घरात सव्वाशे पौंडांची घट झाल्याचं कोरीनबाईंच्या कानावर आलं, तेव्हा त्यांनी बैठकीत त्याचं नाव घेऊन कौतुक केलं.

वाचकांपैकी अनेकांनी हे सगळं अर्धं सफरचंद चालतं की नाही एवढ्याचसाठी वाचलं असेल. चालतं. शिडीही खोटी नाही, आजच सुरू करा. फक्त कधीतरी घरचा आकडा फार समाधानकारक उतरलेला दिसला, तर पेढे वाटण्याआधी काट्यावर कोण कोण उरलंय ते एकदा मोजून घ्या.