तीनशे अकरा नावाडी एकमुखाने उत्तीर्ण जाहले त्याची हकीकत

प्रथम वंदन श्रीगणरायास, दुसरे शारदामातेस आणि तिसरे डोंगरावरील त्या मनोऱ्यास, ज्याचे कृपेने फोनास रेघा येतात. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, ज्येष्ठमासी नदीकाठच्या राज्यात जे वर्तमान घडले, ते पाहिले तैसे लिहितो.

राज्य थोर, नदी रुंद आणि पूल एकही नाही, सबब बेचाळीस घाटांवर तीनशे बारा नावाडी होड्या चालवून रयतेस पार करीत. मग दरबारी विचार निघाला की, जग पुढे गेले आणि आमचे नावाडी अद्यापि बापाजवळून वल्हे शिकतात, हे बरे नव्हे. म्हणोन विद्याखात्याचे कारभारी त्र्यंबकपंत यांणी फर्मान काढिले की, सर्वांनी फोनावर अठरा पाठ पाहावे, वीस प्रश्नांची परीक्षा द्यावी, उत्तीर्ण होईल त्यास नवी सनद मिळेल आणि न होईल त्याने वल्हे खाली ठेवावे. उत्तरे तपासावयास दूरदेशीहून यंत्रपंडित आणविला. तो न जेवी, न निजे, रजा न मागे. त्यास पाचामुखी परमेश्वर हे वचन इतके पटले होते की, आपणापाशी दिलेले उत्तर एक आणि बहुतांचे उत्तर दुसरे निघाले, तर आपलीच चूक समजोन तो बहुतांचे उत्तर खरे करून घेई. यास दरबारी स्वयंशिक्षण म्हणत आणि ऐकणारे माना डोलावीत.

नावाड्यांचा फोनावर एक समूह होता. तेथे रोज प्रातःकाळी फुलांची चित्रे, सुविचार आणि हरवलेल्या शेळीची खबर येत असे. वरल्या घाटी एक उत्साही गृहस्थ होते. त्यांची होडी तीन साले वाळूत पालथी पडली होती, परंतु फोन नवा होता. त्यांणी पाठ दुप्पट वेगाने पळविले, वीस उत्तरांची यादी केली आणि समूहात टाकिली. खाली जोडलेल्या हातांची आणि वर केलेल्या अंगठ्यांची रांग लागली. त्या यादीत सातवे उत्तर चुकले होते. प्रश्न होता, पुराच्या पाण्यात होडी कैशी न्यावी? यादीत लिहिले, प्रवाहास आडवी घालावी, वाट जवळची पडते. आता ज्याने चार दिवस वल्हे धरिले त्यासही ठाऊक की, पुरात होडी आडवी घातली म्हणजे ती पालथी झालीच, तोंड प्रवाहाचे वरल्या अंगास तिरके धरावे लागते. तीनशे अकरा नावाड्यांस हे ठाऊक होते. आणि तीनशे अकरांनी आडवी असेच लिहिले, कां की, दरबारचे उत्तर काही निराळे असेल, आपण पाण्यातली माणसे, आपणांस काय कळते, ऐसे प्रत्येकाचे मनी आले. मला त्यांचा राग येतो आणि कीवही येते.

एकटी गिरजाबाई भोईण, खालच्या घाटाची, एकोणीस वर्षे होडी चालविणारी, तिने यादी उघडलीच नाही. उतारू येईतो ती होडीत बसून पाठ पाही, फोनातल्या गुरुजींशी मोठ्याने वाद घाली आणि पटले म्हणजे मान डोलवी. शेजारचे घाटाचा हैबती नावाडी म्हणाला, “गिरजाक्का, यादी आलीया की. कशापायी डोळं फोडतीस?” ती म्हणाली, “मला इचारलंय, तर म्याच सांगीन.” तिने तिरके तोंड लिहिले.

निकाल लागला. यंत्रपंडिताने तीनशे अकरा उत्तरे एकसारखी पाहिली, आपली चूक दुरुस्त केली आणि बाईस नापास केले. प्रश्न जीवरक्षेचा, त्यात चुकले म्हणजे बाकीचे एकोणीस व्यर्थ, ऐसा नियम. बाईने दरबारी तक्रार पाठविली. पळभरात उत्तर आले की, आपली तक्रार निकाली निघाली, आमच्या सेवेस किती तारे द्याल? मग तिने समूहात लिहिले, तो कोणी जोडलेले हात पाठविले, कोणी शेळी सापडल्याचे कळविले. खालचा घाट हैबतीकडे सोपविला गेला. तो वल्हे न्यावयास आला तेव्हां बाई म्हणाली, “ने. बाचं वल्हं हाय, उन्हात टाकू नगंस.” आणि तोंड फिरवून रडली. हैबती वल्हे घेऊन गेला. त्या रात्री त्यास जेवण गेले नाही, हे त्याने पुढे स्वमुखे सांगितले.

भाद्रपदी पैलतीरी विजयसमारंभ ठरला. नदीस पूर आला होता, तरी पंत हैबतीचे होडीत बसले आणि फोन समोर धरून आपली स्वारी दरबारचे पानावर थेट दाखवू लागले. तीन सहस्र लोक पाहात होते. मध्यधारेस हैबतीने होडीचे तोंड वर वळविले. पंत म्हणाले, “अरे, पैलतीर समोर आणि तू वर कुठे चाललास? निकालात आडवीच खरी ठरली आहे ना? आडवी घे.”

“आडवी घेतली तर उलटंल जी.”

“मग परीक्षेत आडवी कशी लिहिलीस?”

“ते परीक्षेचं उत्तर, पंत. ह्ये पान्याचं हाय.”

पंतांनी होडीची कड दोन्ही हातांनी धरिली आणि फोन पायांशी पडला, परंतु तो चालूच होता. पंतांनी बारीक आवाजे विचारिले, “खरे कोणी लिहिले नाही?”

“येकीनं लिवलं. तिचं वल्हं तुमी काढलंत आनि म्या घेतलं. ह्ये तिचंच हाय माज्या हातात.”

ही वार्ता राज्यभर झाली. दरबार लज्जित जाहला, परंतु गुणांस मनुष्याचा हात लागू नये हा नियम दरबारनेच केला होता. मग हैबतीने समूहात लिहिले की, समद्यांनी परीक्षा पुन्हा देऊ आणि हाताला ठावं हाय तेच लिवू. यावर प्रथमच कोणी अंगठा दाखविला नाही, सारे उठून परीक्षेस बसले. यंत्रपंडिताने बहुमत पाहिले, आपली चूक पुन्हा दुरुस्त केली आणि जुनी उत्तरपत्रिका नव्याने तपासून बाईची सनद धाडिली. हैबती वल्हे आणि सनद दोन्ही घेऊन खालच्या घाटी गेला आणि वाचू लागला, “द्वितीय प्रयत्नात उत्तीर्ण. उमेदवाराने चूक सुधारून लक्षणीय प्रगती केली आहे.” बाईने एक अक्षर बदलले नव्हते. हैबतीची मान वर होईना.

बाई म्हणाली, “शिकलं कोन आनि परगती लिवली कुनाची!” मग वल्हे हाती घेतले, त्यावरून हात फिरविला आणि खोळंबलेल्या उतारूंस हाक मारिली.

तात्पर्य इतकेच की, नावाडी दोनदा उत्तीर्ण जाहले, यंत्र दोनदा शहाणे जाहले आणि जी प्रथमपासून बरोबर होती, ती दरबारचे दप्तरी आजही सुधारलेली म्हणोन नोंदली आहे.