बोऱ्हाडे सरांचा स्लॉथ

बोऱ्हाडे सरांच्या घरात शिरलं की समोरच्या भिंतीवर खंडोबा, त्याच्या शेजारी दत्त आणि दत्ताच्या शेजारी स्लॉथ. तिघांना सारखीच चौकट, सारखीच काच. दसऱ्याला झेंडूची माळही तिघांना. नवा पाहुणा हात जोडत तिसऱ्या तसबिरीपाशी आला की गोंधळायचा. सर गंभीरपणे म्हणायचे, "करा, करा नमस्कार. ही पण त्याचीच करणी आहे."

पाथर्डीच्या हायस्कुलात सर शास्त्र शिकवायचे, मी गणित. राहायचो एकाच भिंतीच्या दोन बाजूंना. त्यामुळे स्लॉथ हा प्राणी मला नको तितका माहीत झाला. दक्षिण अमेरिकेतल्या सदा ओल्या जंगलात तो झाडाला उलटा लटकून जन्म काढतो. खायला पानं, आणि ती पचायला दिवसचे दिवस. शौचाला आठवड्यातून एकदा झाडाखाली उतरतो. हे ऐकून वर्ग खिदळला की सरांना राग येत नसे. ते थांबत. सर नेहमीच थांबत. घंटा झाल्यावर ते वर्गात पोचेपर्यंत पोरांचा एक डाव खेळून व्हायचा, आणि हेडमास्तर चिडले की सरांचं उत्तर ठरलेलं असे, "घाई कुणाला आहे?"

पण तेच सर स्लॉथबद्दल बोलायला लागले की वर्ग हळूहळू गप्प होई. "त्याच्या केसांत शेवाळ उगवतं रे! अंगच हिरवं होतं. त्या शेवाळात बारके पतंग राहतात. म्हणजे हा नुसता प्राणी नाही, एक चालतं रान आहे. आणि केस कसे? आपल्या गाईम्हशींचे पाठीवरून पोटाकडे जातात, याचे पोटावरून पाठीकडे. का? तर उलट्या अंगावरून पाऊस निथळून जावा म्हणून. बघा, काय रचना आहे!" बाहेर दुष्काळाचं पांढरं ऊन. विहिरी तळाला गेलेल्या. निम्म्या पोरांचे आईबाप खडी फोडायच्या कामावर. आणि आत ती पोरं तोंड उघडं टाकून रोजच्या पावसाचं जंगल ऐकत. एकानं विचारलं, "सर, तिथं रोजच पाऊस? मंग लोक वाट कशाची बघत्यात?" 

तसबिरीची एक गंमत होती. चित्र होतं एका विलायती मासिकातलं, नगरच्या रद्दीवाल्याकडे मिळालेलं. बाजारातल्या रामभाऊनं ते मढवलं आणि उलटं मढवलं! प्राणी फांदीला खाली लटकलेला होता तो फांदीवर चढून बसला. रामभाऊला विचारलं तर म्हणाला, "अवो, फोटो उलटा व्हता. म्या सरळ करून दिला. येक पैसा जादा घेतला न्हाई." पानांच्या टोकांवरचे पावसाचे थेंब आभाळाकडे लोंबत होते, त्याचं रामभाऊला काही वाटलं नव्हतं. मला मात्र ते रोज खुपायचं. गणिताच्या माणसाला उलटं काही बघवत नाही. पण फिरवू या म्हटलं की सर म्हणत, "राहू द्या."

त्या भिंतीला उशाशी घेऊन वहिनींची, म्हणजे सरांच्या बायकोची, बाज होती. दुष्काळाच्या आदल्या वर्षी सुमनवहिनींचं डावं अंग लुळं पडलं. ही बाई म्हणजे दिवस उगवायच्या आत दळण, पाणी, सडा उरकून आमच्या अंगणातला केरही काढणारी. नगरचे डॉक्टर म्हणाले होते, उठतील, पण हळूहळू. हात हलवत राहायला हवा. वहिनींना हळूहळू काही करायची सवयच नव्हती. त्यांनी हातपायच सोडून दिले. "माजं झालं आता," एवढं बोलून गप्प पडून राहायच्या. त्या उठणार की नाही, ही एकच चिंता त्या घरात होती. सर त्या चिंतेबद्दल अक्षर बोलत नसत. ते स्लॉथबद्दल बोलत. नातेवाईक ओट्यावर बसून आमच्याकडे कुजबुजत, "बायको आंथरुनाला खिळली आन् मास्तर जनावराची आरती करतोय!" खोटं का बोला, मलाही तसंच वाटायचं.

मग सरांनी मोटेचा जुना नाडा, तो जाडजूड दोर, आढ्याला टांगून बाजेवर हात पोचेल असा आडवा बांधला. आता हे काय, म्हणून मी कपाळाला हात लावला.

एका रविवारी सर पाणी आणायला गेलेले पाहून मी ती तसबीर सरळ करायला गेलो. हात लावतो न लावतो तोच खाली बाजेवरून आवाज आला, "भावजी, ऱ्हाऊ द्या ते." वहिनी कित्येक दिवसांनी बोलत होत्या. "खाली निजा. माज्यावानी बघा."

मी जमिनीवर उताणा पडलो, डोकं भिंतीकडे, आणि नजर वर नेली. खंडोबा उलटा. दत्त उलटे. आणि स्लॉथ सरळ! फांदीला चारी पायांनी लटकलेला, निवांत, आणि थेंब खाली लोंबलेले. मी थक्क होऊन बघतच राहिलो.

"अहो, पण देव उलटे दिसतात की!"

"देव वळखीचे हायेत. ह्यो नवा हाय, ह्याला नीट बघावं लागतंय." मग त्यांनी उजव्या हातानं डावा हात उचलून नाड्याला लावला. बोटं थरथरत वळली. "ह्यांनी सांगितलंय, त्यो एक हात सोडतो तवा बाकीचे घट धरून असतोय. म्हनून पडत न्हाई. घाई केली तर पडंल."

मी उठून धोतर झटकलं आणि घरी आलो.

दुष्काळ सरून वर्ष उलटलं असेल. एका संध्याकाळी सरांनी मला हाक मारली. वहिनी उभ्या होत्या! एक हात सरांच्या खांद्यावर, एक भिंतीला. हात सुटे, पुढे जाई, घट्ट धरे, मगच पाऊल उचले. बाजेपासून उंबऱ्यापर्यंत यायला चुलीवरचा भात शिजून गेला. उंबऱ्याशी त्या वळल्या, दम घेतला आणि समोरच्या भिंतीकडे बघितलं.

"अवो," त्या म्हणाल्या, "ह्यो आता उलटा दिसतोय. फिरवा."

त्यांना दारात बसवून सर स्टुलावर चढले. तसबीर काढली, कडी दुसऱ्या बाजूला ठोकायला घेतली, पण खिळा सारखा निसटायचा. सर रडत होते. मी मदतीला पुढे झालो, तर वहिनींनी मला अडवलं.

"ऱ्हाऊ द्या भावजी. घाई कुनाला हाय?"