एक पैशाचा कुकर

आमच्या पालघरच्या बाजारात जनामावशीकडून मासळी घ्यायची तर आधी शिव्या खाव्या लागतात. भाव केला तर शिव्या, नाही केला तर "पैसे उतू चाललेत काय गं बाय?" म्हणून शिव्या. पण पिशवीत वर दोन बोंबील टाकणारच. सातपाटीची कोळीण ती. "वरचं दिल्याबिगर धंदा म्हनजे चोरी," म्हणते.

म्हणूनच स्टेशनाजवळच्या नव्या मोठ्या दुकानाची कूपनं तिला पटली. खरेदीवर कूपन, कूपनांनी कार्ड भरलं की कुकर. "हे पन वरचं देतात!" साबण, चहा, तेल, सगळं तिथूनच आणायला लागली. मला नवल वाटायचं, कारण कुकर म्हटलं की ही भडकते. "शिट्टी मारनारा मवाली! माज्या चुलीजवल नाय पायजे."

कार्ड भरलं, तर म्हणे योजना बंद! मावशीने मला ओढतच दुकानात नेलं. मॅनेजर गोड हसला. "कूपनामागे छापलंय ना, एका कूपनाची रोख किंमत एक पैसा. हवी तर तेवढी देतो."

माझं डोकंच फिरलं. "एक पैसा? थट्टा करता काय म्हाताऱ्या बाईची?"

"मॅडम, परदेशात दुकानं कूपनं वाटून हात वर करायची. म्हणून काही ठिकाणी कायदा झाला, कूपनाला रोख किंमत हवीच. मग दुकानांनी कमीत कमी छापली. आमच्या ऑफिसने तोच मजकूर उचलला."

म्हणजे गिऱ्हाईक बुडू नये म्हणून कायदा, आणि ह्या मेल्यांनी त्याच ओळीने गिऱ्हाईक बुडवलं!

"एक पैशाचा बोंबील दाव मला!" मावशी गरजली. "आमी वरचं देतो ते खाता तरी येतं, मुडद्या!" मीही दोन ठेवून दिल्या. तोंडानेच, पण सणसणीत.

बाहेर आल्यावर ती दुकानाच्या पायरीवरच बसली. मी म्हटलं, "मी देते विकत घेऊन. पण तुला कशाला गं कुकर?"

"मला नाय. सुनेला."

सून चुलीच्या धुराला आणि हिच्या तोंडाला कंटाळून, नवऱ्याला घेऊन बोईसरला राहायला गेली होती. बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं ते.

"मग नेऊन दे की विकतचा."

"विकतचा नेला तर कलेल ना तिला, मी तिच्यासाटी आनला." मावशीने डोळ्यांना पदर लावला. "फुकट मिलालाय, माज्या घरात अडचन होते, ठेव तुज्याकडं, असं बोलनार होते. आता काय बोलून जाऊ गं तिच्या दारात?"