बहुमताने जिवंत

बाबांच्या संगणकापुढे ती बसली ती आईला फ्रेम करायला हवा असलेला एक फोटो शोधायला. फोटो सापडायच्या आधीच पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट उघडली आणि तिच्यात अक्षरं उमटली, "पंतप्रधान महोदय, आलात का? सभागृह कधीचं खोळंबलंय."

तिने मागे वळून पाहिलं. मागे फक्त कपाट होतं.

"आई," तिने हाक मारली, "बाबा पंतप्रधान होते का गं?"

"हो," स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. "बरीच वर्षं."

बाबांची सगळी नोकरी औषधांच्या गोदामात गेली. घरात त्यांचं बोलणं 'बघू'च्या पलीकडे क्वचितच जायचं. ते कुठल्या देशाचे पंतप्रधान असतील हे तिला उमगेना. आई पदराला हात पुसत दारात आली.

"इंटरनेटवरचा खेळ आहे तो. जो तो आपापला देश काढतो आणि चालवतो. कायदे करायचे, ते परिषदेत मांडायचे आणि मग त्यावरून तंडायचं. दर रविवारी दुपारी भरते त्यांची परिषद. यांच्या देशाचं नाव निवांत प्रजासत्ताक. चार कोटी लोक आहेत म्हणे."

"आणि तू मला कधीच सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचं? नळ गळतोय म्हटलं की म्हणायचे, थांब, सीमेवर तणाव आहे."

बाबांना जाऊन दीड महिना झाला होता. एवढ्या दिवसांत तिने बँकेला कळवलं, गॅसवाल्यांना कळवलं, वाचनालयाला कळवलं. एका प्रकाशनात ती मुद्रितशोधक होती. छापण्याआधी चुका दुरुस्त करणं, वाक्यातले जास्तीचे शब्द उचलून बाहेर टाकणं हेच तिचं काम. त्यामुळे कळवायचं वाक्यही घासूनपुसून तयार होतं. परिषदेलाही तेच कळवावं आणि संगणक बंद करावा, असं तिने ठरवलं. बाबांचं खातं उघडंच होतं. तिने लिहिलं, "मी त्यांची मुलगी. माझे वडील वारले. कृपया नोंद घ्यावी."

लगेच उत्तरं येऊ लागली.

"वा!" भट्टीस्थान नावाच्या देशाच्या सम्राटाने लिहिलं. "सहा रविवार दांडी, आणि वारले ते अगदी मतदानाच्या दिवशी! टायमिंगला दाद द्यायला हवी."

"मुलगी हा प्रकार नवा आहे," एका छोट्या बेटाच्या राणीने लिहिलं. "पठारवाले वारले तेव्हा भाचा आला होता."

"पठारवाले कोण?" तिने गोंधळून विचारलं.

"मीच तो," आणखी एकाने लिहिलं. "आता बरा आहे."

आईने खुर्ची ओढली, शेजारी बसली आणि तिला सगळं समजावून सांगितलं. बाबांनी परिषदेपुढे 'स्वच्छ ऊर्जा कायदा' मांडला होता. सगळ्या सदस्य देशांनी कोळशाची वीजकेंद्रं बंद करायची आणि वारा-उन्हावर वीज काढायची. भट्टीस्थान सगळं कोळशावर चालायचं, म्हणून सम्राटाचा कडाडून विरोध. परिषदेचा असा नियम होता की चर्चा चालू असताना कुणी राष्ट्रप्रमुख वारला, तर दुखवटा पाळायचा आणि मतदान पुढे ढकलायचं. हा नियम झाल्यापासून हरायची वेळ आली की राष्ट्रप्रमुख पटापट वारू लागले होते. एकाला तर कराच्या प्रस्तावाच्या दिवशी साप चावला, आणि पुढच्या अधिवेशनात तो स्वतःचाच जुळा भाऊ म्हणून हजर झाला.

"म्हणजे यांना वाटतंय, बाबा मतदान टाळतायत?"

"मतं कमी पडत होती ना त्यांना," आई म्हणाली. "मला सांगत होते."

एवढ्यात सभापतींनी लिहिलं, "सदस्यांनी शांतता राखावी. मी दोन मिनिटांत आलो. खुर्चीत पेशंट आहे, तोंड उघडून बसलाय."

"सभापती दाताचे डॉक्टर आहेत," आईने खुलासा केला.

सभापती परत आले ते नियमावली घेऊनच. निधनाची नुसती बातमी चालत नाही, ठराव मांडावा लागतो, अनुमोदक लागतो आणि मग त्यावर मतदान होतं, असं त्यांनी सांगितलं. तिने ठराव मांडला. ठरावाची भाषा चोख होती, पण अनुमोदक मिळेना.

"माझा नंबर देते. फोन करून खात्री करून घ्या," तिने लिहिलं.

"आवाज काय, कुणाचाही काढता येतो," सम्राटाने उत्तर दिलं. "घरात दुसरं कुणी नाही का? बायको आहे म्हणून सांगायचे. त्यांना लिहायला सांगा."

आईने चष्मा वर सरकवला आणि एका बोटाने, एकेक कळ शोधत लिहिलं, "हे गेले. उगाच वाद घालू नका. मला कामं आहेत."

"पकडला!" सम्राट आनंदाने ओरडलाच जणू. "'उगाच वाद घालू नका, मला कामं आहेत.' माननीय निवांतांचं प्रत्येक भाषण याच वाक्यावर संपतं. महाशय, बायकोचं सोंग काढायचं तर निदान भाषा तरी बदला!"

आई पडद्याकडे झुकली. "माझं वाक्य आहे हे! माझी वाक्यं नेऊन तिकडे वापरायचे हे?" ती रागावली होती की दुसरंच काही, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. ती पुन्हा एकदा पडद्यावरचं ते वाक्य वाचत राहिली.

शेवटी बेटाच्या राणीने "कंटाळा आला, एकदाचं उरका" म्हणून अनुमोदन दिलं आणि मतदान झालं. ठरावाच्या बाजूने एकच मत पडलं, तेही निवांत प्रजासत्ताकाचं स्वतःचं. अनुमोदन देणाऱ्या राणीनेसुद्धा विरोधात मत टाकलं होतं. सभापतींनी निकाल जाहीर केला, "माननीय निवांत वारले असल्याचा ठराव फेटाळण्यात येत आहे."

"म्हणजे काय झालं?" आईने विचारलं.

"बाबा बहुमताने जिवंत ठरले."

आईने निकाल पुन्हा वाचला. मग म्हणाली, "हे डॉक्टरांना आधी सुचायला हवं होतं."

दोघी हसल्या. दीड महिन्यात त्या घरात कुणी हसलं नव्हतं. त्यामुळे हसून झाल्यावर दोघींनाही अवघडल्यासारखं झालं आणि दोघी घाईघाईने पडद्याकडे पाहू लागल्या.

तिथे सभापतींनी लिहिलं होतं, "माननीय निवांत हयात असल्याने त्यांनी आता आक्षेपांना उत्तर द्यावं. उत्तर आलं नाही तर कायदा बारगळला असं समजण्यात येईल."

"बारगळू दे," ती आईला म्हणाली. "बंदच करते सगळं."

"कर," आई म्हणाली. बटणाकडे तिचा हात गेला तशी आई पुढे म्हणाली, "तीन वेळा लिहून काढला होता त्यांनी तो. दवाखान्यात नेलं तेव्हासुद्धा वाटेत मला म्हणाले, रविवारी कायद्याचं बघायचंय."

तिचा हात थांबला. तो कायदा कशाबद्दल आहे हे तिला जेमतेम अर्ध्या तासापूर्वी कळलं होतं. पवनचक्की तिने लांबूनच पाहिलेली. तरी तिने लिहिलं, "आक्षेप काय आहे, तो सांगा."

"पुन्हा सांगू? पाठ झाला नाही अजून?" सम्राटाने लिहिलं. "सातवं कलम. या वर्षाअखेर कोळशाची केंद्रं बंद. बरोबर?"

"बरोबर."

"पवनचक्क्या कधी सुरू?"

तिने आठवं कलम काढलं. "त्याच्या पुढच्या वर्षाअखेर."

"मग मधल्या हिवाळ्यात माझ्या प्रजेने काय करायचं? हातावर हात घासत बसायचं?"

"लोकांना हळूहळू सवय होईल," तिने आपलं लिहिलं.

"कशाची? अंधाराची?"

"मेणबत्त्या असतात की," मागून आईने सुचवलं. तेही तिने लिहिलं.

"दवाखाने मेणबत्तीवर चालवू? सभापती, तुम्ही दाढ काढता का हो मेणबत्तीवर?"

"सभापतींना चर्चेत ओढू नये," सभापतींनी लिहिलं. "पण नाही, नाही काढत."

तिने सातवं आणि आठवं कलम पुन्हा वाचलं, बोट ठेवून, कच्च्या खर्ड्यावरून नजर फिरवावी तसं. कुठल्याही बाजूने वाचलं तरी मधला हिवाळा तिथेच होता. बाबांनी तीन वेळा लिहिलं आणि तिन्ही वेळा त्यांच्या नजरेतून तो सुटला होता. किंवा दिसला असेल आणि मान्य करायचा नसेल. काही असलं तरी चूक ती चूक. तिने लिहिलं, "तुमचं म्हणणं बरोबर आहे. सातव्या कलमात चूक आहे."



कुणीतरी लिहायला घेई, तीन ठिपके उमटत आणि विरून जात. पुन्हा उमटत, पुन्हा विरत. इंटरनेट गेलं की काय म्हणून आई टेबलाखाली वाकून वायर बघून आली.

शेवटी सम्राटाने लिहिलं, "ताई, कधी गेले?"

"दीड महिना झाला."

"काय झालं होतं?"

"हृदय. फार त्रास झाला नाही."

"इतकी वर्षं भांडलो आम्ही," त्याने लिहिलं. "माझं बरोबर आहे असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही. ते असते तर अंधार तब्येतीला कसा चांगला, हे पटवून दिलं असतं मला. म्हणून... माफ करा, ताई. मघाशी फार बोललो. आईंनाही सांगा."

"मी इथेच आहे," आई पडद्याला म्हणाली.

मग सगळेच लिहू लागले. सम्राटाची बेकरी होती आणि भट्टी पेटती ठेवून तो बाबांशी भांडायचा, हे त्यानेच सांगितलं. बेटाची राणी रात्रपाळीची नर्स होती. तिने एकदा परीक्षेची काळजी वाटते म्हणून लिहिलं, तर बाबांनी तिला आख्खं पानभर धीर दिला होता. आख्खं पान! पडद्यासमोर बसलेल्या मुलीने ते दोनदा वाचलं. तिच्या स्वतःच्या परीक्षेच्या वेळी बाबांनी फक्त टेबलावरचा दिवा दुरुस्त करून दिला होता.

पठारवाल्यांनी, खजील होऊन, यापुढे खोटं मरणार नाही असं जाहीर केलं. मग सम्राट म्हणाला, "सभापती, माझा प्रस्ताव आहे. आणखी चर्चा नको. माननीय निवांतांचा कायदा एकमताने मंजूर करू या. तीच श्रद्धांजली."

पडद्यावर एकाखाली एक 'संमत' उमटू लागले. भट्टीस्थान, संमत. बेट, संमत. पठार, संमत.

"चांगली माणसं आहेत गं," आई म्हणाली आणि चष्मा काढून पुसू लागली.

आता फक्त निवांत प्रजासत्ताकाचं मत राहिलं होतं. 'संमत' आणि 'विरोध' अशी दोन बटणं समोर होती. तिने 'संमत'वर बाण नेला. पण नजर काही सातव्या कलमावरून हलेना. पुस्तकात चूक राहून गेली तर ती लेखकाच्या नावावर राहते, आणि लेखक पुन्हा येऊन दुरुस्त करणार नसेल तर कायमची राहते.

"सातवं कलम?" तिने लिहिलं.

"राहू दे हो, ताई," सम्राट म्हणाला. "श्रद्धांजली आहे ही."

"चूक असलेली नको."

"अहो, शेवटी खेळच आहे."

"मग इतकी वर्षं भांडलात कशाला?"

 मग तो म्हणाला, "एका हिवाळ्याचाच तर प्रश्न आहे. लोक काढतील कसाबसा. स्वच्छ हवेसाठी एवढं सोसायला काय हरकत आहे?"

"दवाखाने? बेकऱ्या? तुमची स्वतःची भट्टी कशावर पेटवणार?"

"उन्हावर तापणारी बसवेन! वाऱ्यावर चालवेन! सगळं होतं मनात आणलं की!"

तिने 'विरोध'चं बटण दाबलं.

एकमत मोडलं. नियमाप्रमाणे कायदा पुन्हा चर्चेला आला. स्वच्छ ऊर्जेच्या कायद्याला परिषदेत एकच विरोध नोंदला गेला होता, आणि तो ज्या देशाने कायदा मांडला त्याच देशाचा. पडद्यावर पुन्हा ठिपके नाचू लागले.

"थांबा, थांबा," बेटाच्या राणीने लिहिलं. "मला एक कळू द्या. आत्ता पवनचक्क्यांची बाजू कोण मांडत होतं?"

"भट्टीवाले," पठारवाल्यांनी लिहिलं.

"आणि कोळशाची?"

"निवांत."

सम्राटाने वर जाऊन आपणच लिहिलेलं वाचलं असावं. मग एकदम ठळक अक्षरांत उमटलं, "म्हातारा जिवंत आहे! उन्हावरची भट्टी वदवून घेतली माझ्या तोंडून! सगळ्यांसमोर! त्याच्याशिवाय कुणाला जमणार हे?"

"'तुमचं बरोबर आहे' हा डाव होता तर!" राणी म्हणाली. "आणि मी रडले इकडे!"

"शब्द मागे घेतो," पठारवाल्यांनी लिहिलं. "मीही मरणार."

सभापतींनी हातोडा आपटल्याचं चित्र पाठवलं. "दुखवटा रद्द. माननीय निवांतांनी सातव्या कलमाची दुरुस्ती घेऊन पुढच्या रविवारी हजर राहावं. आणि कृपया पुन्हा वारू नये, कामकाजाचा खोळंबा होतो."

मग एकेक नाव पडद्यावरून मावळत गेलं. सर्वांत शेवटी गेला तो सम्राट. जाता जाता त्याने लिहिलं, "थेरड्या, घाबरवलंस की रे."

आईने पुसलेला चष्मा चढवून ते वाचलं. मग म्हणाली, "अगं, सांग ना त्यांना खरं काय ते."

तिने लिहायला घेतलं. 'माझे वडील' एवढे दोन शब्द झाले. ते तिने वाचले आणि पुसून टाकले.

"सांगून पाहिलं," ती म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढून तिने सातवं कलम उघडलं. "बहुमतच मिळत नाही."