सेकंदाला एक बुडबुडा

मी रागीट माणूस नाही. चाळीस वर्षं वर्तमानपत्रात लोकांना चिमटे काढणारं सदर लिहिलं, तेव्हा दर आठवड्याला एकदा राग यायचा, हे खरं. पण तो पगारी होता. फुकटचा राग मी कधी केला नाही. एका काचेच्या टाकीनं माझं हे चाळीस वर्षांचं नाव एका दिवसात बुडवलं.

टाकी आमच्या हिची. चार फूट लांब, आत तेवीस मासे. पण मान माशांना नाही, पाण्याखालच्या झाडांना! झाडांना कार्बन डायऑक्साइड लागतो. आपण सगळे तो जन्मभर फुकट सोडतो, तरी ही सिलिंडर भरून विकत आणते. मी एकदा म्हटलं, "मीच नळीत फुंकतो की!" तर म्हणाली, "तुमच्या तोंडून जे बाहेर पडतं, त्यावर काही उगवत नाही."

तर हिच्या थोरल्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. सहा वर्षांत पहिल्यांदाच ही तीन दिवस घराबाहेर जाणार होती. इतके दिवस ती अडकली होती ते मावशीपायी. मावशी म्हणजे टाकीतली सर्वांत जुनी मासोळी. तळहाताएवढी, चपटी, कपाळावर कायमची आठी. ही तिच्याशी रोज अर्धा तास बोलते. माझ्याशी वीस मिनिटं.

"बघ, काळजीच करू नकोस," मी छाती काढून म्हटलं. "मी उभं मंत्रिमंडळ अंगावर घेतलंय, बुडबुडे काय चीज आहे!"

"सेकंदाला एक बुडबुडा. मी लावून ठेवलाय. हात लावायचा नाही." मग दारात थांबून तिनं आवाज उतरवला. "रंग फारच बिघडला, तर व्हॉल्व्ह केसभर फिरवा. तुमच्यावरच माझी भिस्त आहे. बाकीच्यांना जवळ फिरकू देऊ नका. आणि ऐका, मावशीला काही झालं, तर मी जन्मात पुन्हा घराबाहेर पडायची नाही!"

मला आजवर पुष्कळ धमक्या आल्या. दोनदा दगडही आले. पण इतकी अचूक धमकी एकही नव्हती.

रंगाचं असं, की टाकीत आतून काचेचा एक बोराएवढा फुगा चिकटवलाय. त्यात औषध. काचेवर हिची चिठ्ठी: 'हिरवा, म्हणजे ठीक. निळा, म्हणजे गॅस कमी. पिवळा, म्हणजे जास्त.' झालं! एवढंच!

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला टाकीचे दिवे आपोआप लागले, गॅस आपोआप सुरू झाला, आणि मी बघतो तर औषध निळंशार! पहिल्याच सकाळी! मी गुडघे टेकून खालच्या कपाटात डोकं घातलं, सिलिंडरवरच्या व्हॉल्व्हची तुरीच्या दाण्याएवढी घुंडी चिमटीत धरली आणि केसभर फिरवली.

दहा मिनिटं थांबलो. निळं.

आणखी केसभर. निळं! पाऊण तास मी त्या थेंबाकडे टक लावून बसलो होतो. इतका दुर्लक्षित मी संपादकाच्या केबिनबाहेरही कधी बसलो नव्हतो. शेवटी मला चीड आली. एका थेंबानं माझा अपमान करावा? मी घुंडी चांगली दोन-चार केसांनी फिरवली. माझ्या डोक्यावर आता मोजण्याइतकेच केस उरलेत, त्यामुळे मापात थोडं इकडेतिकडे झालं असेल.

तेवढ्यात मेहुणे आले. हिचे धाकटे बंधू, खालच्याच मजल्यावर राहतात. नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात उभा जन्म गेला, म्हणून मी त्यांना व्हॉल्व्हराव म्हणतो.

"भाऊजी, निळं दिसतंय हो!"

"मला डोळे आहेत."

"नाही, म्हटलं, असतील तर..."

"हात लावायचा नाही!" मी गरजलो. आतमध्ये दूध उतू गेल्याचा वास आला म्हणून धावलो. परत आलो तर व्हॉल्व्हराव कपाटापासून चार हात दूर, छताकडे बघत शीळ घालत उभे. इतका निष्पाप माणूस मी फक्त चौकशी समितीपुढे पाहिलाय.

बाराला सूनबाई अर्धी रजा टाकून जेवायला आल्या. त्या रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत असतात. चिरंजीव दौऱ्यावर होते, म्हणून या प्रकरणातून सुटले. "बाबा, हिरवं व्हायला लागलंय, पण अजून निळसरच आहे ना?" एवढंच म्हणून त्या हात धुवायला गेल्या. बाईंना हात धुवायला टाकीच्या बाजूनं का जावं लागतं, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

दोन वाजता मी उठून पाहतो, तर सगळे मासे पाण्याच्या वर तोंडं काढून उभे! उघडमीट, उघडमीट!

"भूक लागलीय बिचाऱ्यांना," मी म्हटलं आणि चिमूटभर खाणं टाकलं. कोणी शिवेना. मी आणखी टाकलं. "खा की रे! घरच्यासारखं समजा!"

व्हॉल्व्हराव पुन्हा हजर झालेच होते. ते म्हणाले, "भाऊजी, भूक कसली? हे तर धापा टाकतायत!"

मी औषधाकडे पाहिलं. लिंबासारखं पिवळं! आणि बुडबुडे? सेकंदाला एक कुठला, सोड्याची बाटली फोडल्यासारखी धार लागली होती! तळाशी मावशी एका कुशीवर कलंडली होती. तिच्या कपाळावरची आठी गेली होती.

"बंद करा!" मी ओरडलो. दोघांनी एकदमच कपाटात डोकी घातली. खाडकन टक्कर!

"डावीकडे फिरवा!"

"उजवीकडे! आयुष्य गेलंय माझं यात!"

"तुमचं आयुष्य गेलं आणि गावाला पाणी आलं का कधी?"

"माझ्या बहिणीच्या घरात तोंड सांभाळा, भाऊजी!"

"घर माझं आहे!"

दोघांच्या चार बोटांत एक घुंडी. एक उघडतोय, एक मिटतोय. बाहेर सूनबाईंचा आवाज आला, "अहो, जरा सरका!" आणि त्यांनी गॅस सोडणाऱ्या विजेच्या कळीची भिंतीतली पिन खसकन ओढली. धार थांबली.

हिला फोन करायची छाती कोणालाच झाली नाही. टाकीवाल्या दुकानदाराला लावला, तोही मोठ्या आवाजावर.

"पाणी खेळवा!" तो म्हणाला. "मगानं काढा, उंचावरून ओता. थांबू नका. आणि खरं सांगा, व्हॉल्व्हला किती जणांनी हात लावला?"

"एकानं," मी म्हटलं.

"मी पण, अगदी किंचित," व्हॉल्व्हराव.

"मी दोनदा," सूनबाई. "सकाळी लॅबला जायच्या आधी एकदा, आणि जेवायला आल्यावर एकदा."

"शाब्बास! रंग बदलायला दोन तास लागतात, साहेब! तो आत्ताची नाही, दोन तासांपूर्वीची बातमी सांगतो!"

दोन तास! हे चिठ्ठीत लिहायला काय शाई संपली होती? आम्ही तिघं मग घेऊन टाकीवर तुटून पडलो. पाणी टाकीत कमी आणि एकमेकांवर जास्त.

"तुला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला?" मी सूनबाईंवर डाफरलो.

"आईंनी! म्हणाल्या, बाबा आणि मामा घोळ घालतील, तुझ्यावरच माझी भिस्त आहे!"

मगातलं पाणी मगातच राहिलं.

"ताईनं तर मला सांगितलंय," व्हॉल्व्हराव हळूच म्हणाले, "की भाऊजींना निळं-हिरवं कळत नाही, तुझ्यावरच भिस्त..."

मग जो राग आला! तो तिघांना मिळून एकच आला, आणि आयुष्यात प्रथमच आमच्या घरात एकमत झालं. पाऊण तास आम्ही पाणी ओतत होतो आणि प्रत्येक मगागणिक हिला काय काय सुनावायचं, ते ठरवत होतो. भाषण मी करायचं ठरलं. मुद्दे अकरा झाले.

तीनच्या सुमाराला मावशीनं एक पर हलवला. मग दुसरा. मग ती सरळ झाली, आणि काचेजवळ येऊन तिनं माझ्याकडे आठी घालून पाहिलं. सूनबाई रडल्या. व्हॉल्व्हरावांना शिंक आली, असं ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी ही आली. चप्पल काढायच्या आधी टाकीशी गेली. मासे मोजले, तेवीस. औषध पाहिलं, हिरवंगार. बुडबुडे घड्याळ लावून मोजले, सेकंदाला एक; दुकानदार स्वतः येऊन लावून गेला होता. मावशीशी काहीतरी पुटपुटली आणि डोळ्यांना पदर लावला.

मी घसा खाकरला. मागे दोघं उभे होते. अकरा मुद्दे जिभेवर होते.

"अहो," ही वळून म्हणाली, "मला वाटलंच नव्हतं हो! आता माझी भीतीच गेली. पुढच्या महिन्यात थोरल्या ताईकडे पंधरा दिवस जाते. आणि या दोघांची लुडबूड नकोच, तुम्ही एकटेच बघा."

मला इतका राग आला, इतका राग आला, की मी ताबडतोब हो म्हणालो.