पापलेटाचा छाप

रविवारी सकाळी परबांच्या डायनिंग टेबलावर एक अख्खं पापलेट वर्तमानपत्रावर आडवं पडलं होतं. त्याच्यावर टेबलफॅनचा वारा सोडला होता आणि त्याला हात लावायची कुणालाही परवानगी नव्हती. परबांच्या घराण्यात, म्हणजे मालवणात राहिलेल्यांपासून अंधेरीत आलेल्यांपर्यंत, मासा इतका वेळ नुसता बघत बसायची पाळी आजवर कुणावरच आली नव्हती.

"माशाक वारो घालतंस?" आबा खुर्ची ओढून टेबलाशी बसत म्हणाले. "माका कधी घातलंस?"

"आबा, त्याला सुकवायचंय."

"सुक्या माशांचो बाजार वेगळो असता, बाय."

प्रांजलने डोळे मिटून मोठा श्वास घेतला. श्वासातसुद्धा पापलेटच आलं.

प्रकरण असं होतं की संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये छंदांचं प्रदर्शन होतं आणि दहावीतल्या प्रांजलला तिथे काहीतरी मांडायचंच होतं. हौस होती हे खरं, पण हौसेपेक्षा आईचा हुकूम मोठा होता. प्रांजलचे छंद आजवर पुष्कळ झाले होते आणि एकही तडीस गेला नव्हता. क्रोशाचा मफलर एका कानापुरता झाला होता. युकुलेले कपाटावर चढलं होतं. सुगंधी मेणबत्त्यांच्या नादात इडलीपात्र गेलं होतं आणि त्यानंतर महिनाभर इडल्यांना लव्हेंडरचा वास येत होता. शेवटी आईने, म्हणजे विनिताने, कमरेला पदर खोचून जाहीर केलं, "हा शेवटचा छंद. प्रदर्शनात पूर्ण झालेली एक वस्तू दिसली पाहिजे मला. नाहीतर शनिवार-रविवार गणिताची बॅच."

आणि प्रांजलने निवडला माशाचा छाप. एका व्हिडिओत तिने बघितलं होतं. ताजा मासा धुवायचा, पुसायचा, कल्ले-पंख टाचण्यांनी पसरायचे, वरून शाई लावायची, पातळ कागद ठेवून बोटांनी हलकं दाबायचं. कागद उचलला की खवलान् खवला उमटलेला. व्हिडिओत हे दीड मिनिटात झालं होतं. व्हिडिओत आबा नव्हते.

त्यात उद्यापासून श्रावण. परबांकडे श्रावण म्हणजे श्रावण. महिनाभर मासळीचं नाव नाही. म्हणजे छाप आजच हवा आणि आबांना मासाही आजच हवा. या एका पापलेटावर दोघांचा जीव अडकला होता.

खरं तर हे दुसरं पापलेट होतं. पहिलं पप्पा घेऊन आले होते. "कापू नका म्हणून सांगा," असं प्रांजलने त्यांना दारात, जिन्यात आणि शेवटी खिडकीतूनही बजावलं होतं. पण खारदांड्याची मासळीवाली मथुरामावशी बोलता बोलता कोयती चालवते. पप्पा "एक मोठं द्या, आणि हे बघा, हे" एवढं म्हणेपर्यंत शेपटी आणि पंख साफ झाले होते.

"पप्पा, ही चप्पल दिसतेय," प्रांजल पिशवीत डोकावून म्हणाली.

"अगं, पण ताजी आहे," पप्पा म्हणाले.

त्या चपलेचं दुपारपुरतं कालवण करायला आईने घेतलं, पण आबांना रात्रीला अख्खं तळलेलं पापलेट हवंच होतं; मग प्रांजल स्वतः बाजारात गेली. तिथे वेगळीच पंचाईत. मासा कापू नको म्हटल्यावर मथुरामावशीचा चेहराच बदलला.

"का गो बाय? घरी नेऊन कोणाला दाखवायचाय? माझी मासळी शिळी वाटली काय तुला?"

"नाही हो मावशी, मला त्याचं चित्र काढायचंय."

"मग काढ की. बस हितं पाटावर. घरी न्यायची काय गरज?"

"तसं नाही, त्याला रंग लावायचाय."

मथुरामावशीने बाजूच्या टोपलीवालीकडे बघितलं. टोपलीवालीने प्रांजलकडे बघितलं. "परबांची ना तू?" मावशी हळू आवाजात म्हणाली. "लवूआजोबा बरे हायत ना घरी?"

आजोबा बरेच होते. एवढे बरे, की नातीने पापलेट आणल्यापासून ते टेबलावरून हलले नव्हते.

मासा सुकला. प्रांजलने टाचण्या लावून पंख पसरले आणि चित्रकलेच्या बॉक्समधली काळी शाईची बाटली उघडली. त्या बुचाच्या आवाजाला आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"ती शाई खायची आहे का?"

"आई, शाई कोण खातं?"

"मग हा मासा कोण खाणार? ह्या शाईचं काही माझ्या तव्यावर येणार नाही, सांगून ठेवते."

"मग नको ना खाऊया हा."

पप्पांनी मोबाइल खाली ठेवला. आबांनी नातीकडे अशा नजरेने बघितलं की जणू तिने मालवणचं घर विकायला काढलं होतं.

"श्रावणाच्या आदल्या दिवशी," आबा संथपणे म्हणाले, "अख्खो सरंगो. फेकूचो?" पापलेटाला आबा सरंगोच म्हणत.

मग परबांची बैठक बसली. शाई हवी, पण पोटात गेली तरी चालेल अशी. पप्पांनी बीट सुचवलं, पण घरात बीट नव्हतं. आईने हळद आणली. हळद एकटी फिकी पडली, म्हणून त्यात तिखट आलं. मिश्रण कोरडं झालं, म्हणून कोकमाचं आगळ आलं आणि रंग असा उतरला की प्रांजलच्या तोंडून "झकास" निघून गेलं. लालभडक, विटकरी, मधूनच जांभळी झाक. पण ते पातळ होऊन ओघळायला लागलं.

"दाट करूक आला-लसूण वाटून घाल," आबा म्हणाले.

"आबा, हे चित्र आहे."

"मी खंय नको म्हणतंय? घाल."

आणि आश्चर्य म्हणजे आलं-लसणाने रंग खरंच दाट झाला. आता मीठ राहिलं. मिठावरून आई आणि आबांचं वाजलं. आगळात मीठ असतंच, असं आईचं म्हणणं. त्या मिठाला मीठ म्हणत नाहीत, असं आबांचं. "चित्राला मीठ लागत नाही," हे प्रांजलचं म्हणणं कुणीच ऐकलं नाही. शेवटी मीठ पडलं नाही, कारण वाटी आईच्या हातात होती.

छाप काढायला पतंगाचा पांढरा कागद होता. पहिला कागद उचलताना फाटला. दुसऱ्या वेळी पप्पांना शिंक आली आणि माशाला दोन तोंडं उमटली. तिसऱ्या वेळी आबांनी "हयसर मसालो कमी लागलो" म्हणून कागदाखाली अंगठा घातला आणि पापलेटाच्या पोटावर आबांचा अंगठा आला. चौथ्या वेळी प्रांजलने सगळ्यांना गॅलरीत उभं केलं, दार लावून घेतलं आणि कागद ठेवून श्वास रोखला. बोटं फिरवली. उचलला.

आणि काय सांगावं. अख्खं पापलेट कागदावर आलं होतं. खवल्यांची जाळी, पंखांच्या बारीक रेघा, शेपटीचा झोक, सगळं. पोहता पोहता कुणीतरी हाक मारली म्हणून थांबल्यासारखं. प्रांजल बघतच राहिली. आपल्या हातून पहिल्यांदा काहीतरी पूर्ण झालं, हे तिला एकदम कळलं आणि नाकात कसंतरी झालं. लसणाने असेल.

दार उघडल्यावर आईने कागद उजेडात धरून बघितला. "चांगलं झालंय गं," ती म्हणाली. मग लगेच, "चल, आता तो मासा दे इकडे. सकाळपासून बाहेर पडलाय."

संध्याकाळी हॉलमध्ये चित्रकलेच्या टेबलाशी क्षमाकाकू बसल्या होत्या. प्रदर्शन त्यांचंच. परीक्षणही त्यांचंच, आणि खुर्च्यांची मांडामांडही. प्रांजलने पुठ्ठ्यावर लावलेलं चित्र पुढे ठेवलं. काकूंनी आधी चष्मा लावला, मग काढला, मग नाक पुढे केलं.

"सुंदर आहे गं. कशात केलंयस? जलरंग?"

"हळद, तिखट, आगळ," प्रांजल म्हणाली.

"आला-लसूण," मागून आबा म्हणाले.

काकूंनी चित्र जरा लांब धरलं. तेवढ्यात पुठ्ठ्यावरून एक मुंगी चालत शेपटीपर्यंत पोचली. "हे बघ, चित्रकलेत खाद्यपदार्थ चालत नाहीत. गेल्या वर्षी कडधान्यांचा मोर आला होता, त्याला हॉलमध्ये कीड लागली. हे पाककलेत जाईल."

"काकू, हे चित्र आहे."

"याला फोडणीचा वास येतोय, बाळा."

"मग पाककलेत घ्या," प्रांजल रडकुंडीला येऊन म्हणाली. बॅच आ वासून समोर उभी होती.

"घेते ना. पण पाककलेत चव बघावी लागते. चित्राची चव कशी बघू?"

यावर विनिता पुढे झाली. सकाळपासून माशापायी तिचा रविवार गेला होता आणि आता चित्रही परत न्यायचं म्हणजे फारच झालं. "ज्याचा छाप आहे तो मासा घरी आहे. त्याच मसाल्यात आहे. आत्ता तळून आणते," ती म्हणाली आणि निघालीसुद्धा.

आबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांचा श्रावणाआधीचा शेवटचा मासा सोसायटीच्या हॉलमध्ये चालला होता.

रव्यात घोळवलेलं, कडेने कुरकुरीत झालेलं पापलेट ताटलीत आलं आणि चित्राशेजारी ठेवलं गेलं. हॉलमधली निम्मी माणसं युकुलेले वाजवणाऱ्या मुलाला सोडून इकडे सरकली. क्षमाकाकूंनी ताटलीकडे बघितलं आणि हात जोडले.

"मी खात नाही. घरात कुणीच खात नाही. आता दुसरा परीक्षक कुठून आणू? कुणीतरी जाणकार, वयस्कर माणूस पाहिजे."

गर्दीतून आबा बाहेर आले. त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं होतं. "मी आसंय," ते म्हणाले.

प्रांजलला आनंदाने ओरडावंसं वाटलं. परीक्षक म्हणून स्वतःचे आजोबा. मासा आबांच्या पोटात, बक्षीस आपल्या घरात, बॅच गेली खड्ड्यात. तिने आईचा हात दाबला. आईनेही तिचा दाबला.

आबा खुर्चीवर बसले. आधी त्यांनी मासा नुसता न्याहाळला. मग पाठीकडचा तुकडा काढला, तोंडात टाकला आणि डोळे मिटले. मग पोटाकडचा. मग शेपटीकडचा, खात्री करून घ्यायला. मग दुसरी बाजू, कारण न्याय म्हणजे न्याय. ताटलीत नुसता काटा उरला, इतका स्वच्छ की त्याचाही छाप काढता आला असता. तेव्हा आबांनी बोटं पुसली आणि क्षमाकाकूंकडे वळले.

"धापैकी साडेपाच."

"किती?" प्रांजल म्हणाली.

"साडेपाच. मीठ कमी आसा. आणि मासो सकाळपासून वाऱ्यार ठेवलेलो. ताजेपणा गेलो."

"आबा," आई दातांवर दात ठेवून म्हणाली, "अख्खा खाल्लात."

"खावचो नाय तर काय फेकूचो? पण गुण इचारल्यार खरे देवक होये. माशाच्या बाबतीत माका खोटा बोलूक जमाचा नाय."

पहिला नंबर बीटाच्या कटलेटला मिळाला. ते माशाच्या आकाराचं होतं.

घरी येताना लिफ्टमध्ये प्रांजलने चित्र छातीशी धरलं होतं आणि मुंग्या तिच्या कोपरापर्यंत आल्या होत्या. शेवटी ती म्हणाली, "बॅच कधीपासून आहे, आई?"

"कसली बॅच?" आई म्हणाली. "तू पूर्ण केलंस की. एवढं सगळ्यांनी नाक खुपसूनही केलंस. नापास तू नाही झालीस." आणि तिने आबांकडे बघितलं. "माझा हात नापास झालाय. साडेपाच. सतरा वर्षं जेवतायत माझ्या हातचं."

आबा लिफ्टच्या छताकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी श्रावण लागला. आबांच्या पानात पडवळाची भाजी पडली. आबांनी घास घेतला. चावला. परत चावला. मिठाच्या वाटीकडे त्यांचा हात जात होता, तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात आई येऊन उभी राहिली. तिच्या मागे प्रांजलही होती, हाताची घडी घालून.

"दहापैकी किती, आबा?" आईने विचारलं.

आबांनी हात मागे घेतला. "धा," ते म्हणाले.

"नीट विचार करून सांगा. महिनाभर आहे."

आबांनी पडवळाकडे बघितलं, सुनेकडे बघितलं, नातीकडे बघितलं आणि घास गिळला.

"अकरा," ते म्हणाले.