विहीणबाई वर, गोण्या खाली

त्या दिवशी ऊन नव्हतं, पाऊस नव्हता आणि वाराही नव्हता. आभाळ नुसतं भरून आलेलं, जुन्या गादीसारखं मधोमध लोंबत होतं. अंगाला शर्ट असा चिकटला होता की काढायला जावं तर कातडंही बरोबर येईल. असल्या हवेला लोक घराबाहेर पडत नाहीत, पडलेच तर आमच्या पार्कात येत नाहीत, आणि आलेच तरी आकाशपाळण्यात बसून त्या आभाळाच्या आणखी जवळ जायची हौस कुणाला नसते. सकाळपासून पाळणा रिकामा उभा होता. मला वाटलं, आपल्या कामाला हाच दिवस बरा. (मला असं काही बरं वाटलं की घरातले सगळे सावध होतात. त्यांचंही चुकत नाही.)

पार्कात मी आकाशपाळणा चालवतो. फार वर्षं झाली. बाकीची यंत्रं माणसाला उलटं करतात, आपटतात, भिजवतात. पाळणा तसं काही करत नाही, तो आपला हळू वर जातो आणि हळू खाली येतो. माझा स्वभावही तसाच, म्हणून कुणीतरी मला त्याच्यापाशी उभा केला आणि मग मला तिथून हलवायचं विसरून गेलं. सगळे मला हळूकाका म्हणतात. शाळेत मी फारसा टिकलो नाही, पण कुठल्या डब्यात कुणाला बसवायचं एवढं मला कळतं. पाळण्याचं सगळं गणित वजनाचं आहे. इकडे एक जाडा बसवला की समोरच्या डब्यात दुसरा जाडा शोधायचा. भरलेला डबा वर चढवायला मोटर पुरते. पण तो वरून खाली आणताना समोर तेवढंच वजन लागतं, नाहीतर डबा आपल्याच भारानं खाली येतो आणि ब्रेकला न जुमानता पुढे निघून जातो. एवढं लक्षात ठेवा, कारण पुढे जे झालं ते एवढ्यावरच झालं.

आता घरचं सांगतो, त्या दिवसापर्यंतचं. आमच्या घरात एक नात आहे. दीड वर्षाची. मी कामावरून आलो की ती माझ्या पोटावर चढते आणि दोन्ही हातांनी माझ्या मिशा ओढते. दिवसभरात माझ्या हाती लागणारं सुख म्हणाल तर एवढंच. तर ही नात जन्मली त्याच आठवड्यात माझी बायको आणि विहीणबाई, म्हणजे सुनेची आई, यांचं वाजलं. कारण टोपी. विहीणबाई म्हणाल्या, बाळाच्या डोक्यावर लोकरीची टोपी हवी. आमची ही म्हणाली, उकडून मरेल पोर. त्या दिवसापासून दोघी एकमेकींशी बोलत नाहीत. विहीणबाई आल्या की बाळाला टोपी घालतात, त्यांची पाठ फिरली की ही काढते. सुनेला रडू येतं, आणि मुलगा गच्चीवर जाऊन पाण्याची टाकी तपासत बसतो. (टाकीत बिघाड नाही. दीड वर्षात ती कधी इतकी स्वच्छ नव्हती.)

शेवटी मुलगा कंटाळला. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एक घर पाहून आला. म्हणाला, दोन दिवसांत होकार कळवतो, मग या दोघीही लांब आणि आम्हीही सुटलो. सगळे सुटणार होते, पण माझं काय? दोन बसा बदलून माझ्या मिशा ओढायला नात थोडीच येणार होती.

म्हणून मी ठरवलं. दोघींना पाळण्याच्या एकाच डब्यात बसवायचं, डबा सगळ्यात वर नेऊन थांबवायचा, आणि मी चहा प्यायला जायचं. वर तिसरं कुणी नसतं. निघून जायला दार नसतं. माणूस किती वेळ आभाळाकडे बघणार, बोलेलच की.

कामगारांच्या घरच्यांना पार्कात फुकट सोडतात. हिला म्हटलं, एवढी वर्षं झाली, माझं काम एकदा बघून जा. विहीणबाईंनाही तेच सांगून आलो. दुसरी येणार आहे हे दोघींनाही सांगितलं नाही. दुपारी दोघी दोन बाजूंनी चालत आल्या आणि पाळण्याच्या पायरीशी समोरासमोर उभ्या राहिल्या. आमच्या हिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी लगेच तेलाचा डबा शोधायला लागलो.

विहीणबाई मला म्हणाल्या, की त्यांना उंचीची भीती वाटत असेल तर राहू दे, मी एकटी बसते. हीही मलाच म्हणाली, की त्यांना सांगा, भीती आम्हाला माहीत नाही. मग दोघी एकदमच आत शिरल्या. एक या खिडकीकडे तोंड करून बसली, एक त्या. माझं अर्धं काम त्यांनीच केलं.

आता समोरच्या डब्याला वजन हवं होतं, आणि ते आपल्या पायांनी चालत आलं. मुख्य ऑफिसातले साहेब. त्यांचं काम म्हणजे पाहुण्यांचा अनुभव बघणं. ‘माणसं’ म्हणायचं नाही, ‘पाहुणे’ म्हणायचं, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं. प्रत्येक पाहुण्याकडे बघून हसायचं, हेही त्यांचंच. (माझे पुढचे दात गेलेत. मी हसलो की लहान मुलं आईमागे लपतात. पण हुकूम म्हणजे हुकूम.) साहेब म्हणाले, आज मी स्वतः पाहुणा होऊन बसतो. अंगानं भरलेले होते, म्हणून मी खूश झालो आणि त्यांना समोरच्या डब्यात बसवलं. पाळणा लोण्यासारखा फिरला.

काही फेरे झाल्यावर मी बेतानं ब्रेक दाबला. बायका बरोब्बर सगळ्यात वर. साहजिकच साहेब सगळ्यात खाली, माझ्या पुढ्यात. मी मान वर करून बघत होतो. वरच्या डब्यात दोन डोकी दिसत होती, दोन्ही एकमेकींकडे पाठ करून. मनात म्हटलं, बोला आता. आणि तेवढ्यात माझ्या हातानं साहेबांचं दार उघडलं.

मी नाही हो, हातानं. पुढ्यात डबा थांबला की दार उघडायचं, ही त्याची इतक्या वर्षांची सवय. तो मला विचारत नाही. साहेब बाहेर आले, हिरवट पडले होते, आणि बाकावर जाऊन दोन्ही हातांत डोकं धरून बसले.

वर माझं सगळं घरदार आणि खाली रिकामा डबा. मी साहेबांना हात जोडले, म्हटलं, साहेब, अजून अर्धा फेरा बसा. ते मान न उचलता म्हणाले की नोकरी गेली तरी बेहत्तर. दुसरा पाहुणा शोधावा तर पार्कात चिटपाखरू नाही. मी बसलो तर चालवणार कोण? राहता राहिला गेटवरचा मिस्त्री, पण तो म्हणजे काडी. तो बसला काय आणि त्याचा पाना ठेवला काय, सारखंच.

मग वाळूच्या गोण्या आठवल्या. सकाळी पाळण्याची चाचणी घेतो तेव्हा माणसांच्या जागी गोण्या ठेवतो. त्या मिस्त्रीच्या शेडमध्ये असतात. वॉकीटॉकी बंद पडलेली, म्हणून मी माइक घेतला. या माइकचा आवाज सगळ्या पार्कातल्या भोंग्यांतून येतो. तो ‘आपला प्रवास आनंदाचा होवो’ म्हणण्यासाठी दिलाय.

मी म्हटलं, “मिस्त्री, पाळण्याला गोण्या आण.”

गेटवरचा माइक खरखरला. “किती आणू, काका? वर कोण आहे?”

“घरची माणसं आहेत. म्हणजे, पाहुणे.”

“अहो, वजन सांगा.”

इथे मला घाम फुटला. आधीचा घाम वेगळा, हा वेगळा. बायकोचं जास्त सांगावं तर मला जेवायला कोण घालणार. विहीणबाईंचं जास्त सांगावं तर नात गेलीच दुसऱ्या टोकाला. शेवटी म्हटलं, विहीणबाई पाहुण्या आहेत, मान त्यांचा. (खरं म्हणजे त्या आमच्या हिच्यापेक्षा चांगल्याच भरल्या अंगाच्या आहेत. हे इथे लिहितोय, भोंग्यात नाही बोललो.)

“आमची ही दोन गोण्या,” मी म्हटलं. “विहीणबाई दीड.”

 मग सगळ्या भोंग्यांतून मिस्त्रीचा आवाज आला, अगदी शांत. “काका, विहीणबाईंना मी गेटवर पाहिलंय. नीट सांगा.”

“तू आण म्हटलं ना तेवढ्याच.”

मी वर पाहिलं. दोन्ही डोकी वळली होती. आधी खाली, माझ्याकडे. मग एकमेकींकडे. आणि मग ती जवळ आली आणि हलायला लागली. दीड वर्षानंतर दोघी बोलत होत्या. काय ते ऐकू येत नव्हतं, पण मला भरून आलं. मी मनातल्या मनात माझीच पाठ थोपटली. ती तशीच थोपटत राहिलो असतो आणि ब्रेकला हात लावला नसता, तर बरं झालं असतं.

मिस्त्रीनं हातगाडीवरून गोण्या आणल्या. मी सांगितल्या तेवढ्याच खालच्या डब्यात ठेवल्या, दार लावलं आणि ब्रेक सोडला. सुरुवातीला ठीक चाललं. मग खोटं बोललेलं वजन कमी पडायला लागलं. वरचा डबा घाईत खाली आला, माझ्या पुढ्यातून सरकला, आणि पलीकडच्या बाजूला चढला.

जाताजाता खिडकीतून बायको म्हणाली, “माझं वजन साऱ्या पार्काला सांगायची...”

पलीकडे जाऊन डबा दमला आणि उलटा परत आला. या वेळी खिडकीत विहीणबाई होत्या. “...काय गरज होती, व्याहीबुवा, असं त्या विचारतायत.”

डबा या बाजूला चढला आणि पुन्हा खाली आला. मी ब्रेक दाबत होतो, पण तो माझ्यासारखाच म्हातारा झालाय.

“आणि विहीणबाईंचं मुद्दाम कमी सांगितलंत,” बायको जाताना म्हणाली. “त्यांना काय वाटलं असेल?”

“दीड गोणी,” विहीणबाई येताना म्हणाल्या. “मी काय आजारी आहे?”

बाकावरून साहेबांनी डोकं वर केलं होतं. डब्याबरोबर त्यांची मान इकडून तिकडे फिरत होती. मिस्त्री हातगाडीवर बसून पोट धरून हसत होता.

पुढच्या खेपेला बायको म्हणाली, “खोटंच बोलायचं होतं तर दोघींचं सारखं बोलायचं.”

“मी हेच म्हणणार होते,” विहीणबाई परतताना म्हणाल्या.

झोके लहान होत गेले. जड बाजू शेवटी खालीच येऊन थांबते. डबा अगदी माझ्या पुढ्यात येऊन उभा राहिला आणि माझ्या हातानं दार उघडलं. दोघी एकमेकींचा हात धरून उतरल्या, माझ्याकडे न बघता.

साहेबांना आपलं काम आठवलं. बाकावरूनच क्षीण आवाजात त्यांनी विचारलं, अनुभव कसा वाटला. दोघी एकदम म्हणाल्या की फारच छान, पुढच्या आठवड्यात पुन्हा येऊ, फक्त या माणसाला बोलू देऊ नका. साहेबांना ते पटलं. पाळण्याचा माइक त्याच दिवशी निघाला. (हसायचा हुकूमही माझ्यापुरता मागे घेतला. त्या दिवसाची कमाई म्हणाल तर एवढीच.)

संध्याकाळी आम्ही घरी गेलो तेव्हा मुलगा टाकी तपासायला निघालाच होता. दोघी हसतहसत आत शिरताना पाहून तो जिन्यात थबकला. सुनेच्या हातातला पेला पडला. टोपीचं काय ते वरच ठरलं होतं: वारा असेल तर घालायची, नसेल तर काढायची. मग विहीणबाईंनी जावयाला बजावलं की तिकडे दूर राहायला गेलात तर मी माझ्या विहीणबाईंना रोज भेटणार कशी. ते घर तिथेच रद्द झालं. मुलगा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “बाबा, तुम्ही वर नेऊन केलंत तरी काय?” मी म्हटलं, काही नाही, नुसता ब्रेक दाबला.

तर नात राहिली. माझं गंगेत घोडं न्हालं असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं.

आता विहीणबाई रोज दुपारी येतात. दोघी खोलीच्या मधोमध बसतात आणि नात त्यांच्या मध्ये. मी कामावरून येऊन मिशा पुढे करून उभा राहतो. ही म्हणते, आत्ताच खायला बसलीय. विहीणबाई म्हणतात, आत्ताच डोळा लागलाय. मग मी माइकवरून गोण्या कशा मागवल्या याची नक्कल एक करते आणि दुसरी भोंगा होते. नात टाळ्या पिटते. मला हात धुऊन बाहेर थांबायला सांगतात.

काल असाच हात धुऊन पायरीवर उभा होतो. शेजारी न्हाव्याचं दुकान आहे. तो एका गिऱ्हाइकाची दाढी करत होता. आतला हसण्याचा आवाज त्यानं ऐकला, माझे ओले हात पाहिले, आणि वस्तरा न थांबवता पायानंच एक खुर्ची माझ्याकडे सरकवली.

“बसा काका,” तो म्हणाला. “तुमच्या आधी दोघी आहेत.”